बार्टिमियस वाचताय? नाशिकच्या वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदिरानगरला आमच्या घरी रविवारी सकाळी आठवी ते बारावीची मुलं जमतात आणि आम्ही सगळे मिळून एकच पुस्तक आळीपाळीने मोठ्याने वाचतो. सध्या जोनाथन स्ट्राउड या ब्रिटिश लेखकाची बार्टिमियस मालिका चालू आहे आणि मुलं, त्यांचे आईबाबा, मधूनच कुणाची तरी आजी, सगळे साधारण तेच ते विचारतात, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितेय. गोष्टीतले मोठे धक्के मी कुठेच फोडलेले नाहीत. दुसऱ्या भागातलं थोडंसं एका ठिकाणी येतं, तिथे आधी सांगितलंय.

पुस्तक आहे कशाबद्दल?

लंडन शहर, काळ साधारण आपलाच, रस्त्यावर गाड्या आहेत, घरात विजेचे दिवे आहेत, फक्त देशावर राज्य जादूगारांचं आहे. पंतप्रधान जादूगार, मंत्री जादूगार आणि बाकी सगळी जनता त्यांच्या हाताखाली. या जादूगारांची गोम अशी की त्यांच्या स्वतःच्या अंगात जादू कणभरही नसते, ते दुसऱ्या जगातून जिन, अफ्रीत वगैरे मंडळींना मंत्राने खेचून आणतात आणि सगळी कामं त्यांच्याकडून करून घेतात. नथॅनियल नावाचा अकरा-बारा वर्षांचा एक शिकाऊ मुलगा आहे, सायमन लव्हलेस नावाच्या बड्या जादूगाराने त्याचा भर पाहुण्यांत अपमान केलेला असतो, त्याचा सूड उगवायला हा पोरगा गुरूच्या नकळत आपल्या वयाला न झेपणारा जिन बोलावतो आणि त्याला हुकूम सोडतो की लव्हलेसच्या घरातून समरकंदचा ताईत चोरून आण. तो जिन म्हणजे बार्टिमियस. वय पाच हजार वर्षांच्या वर, आणि गोष्टीचा मोठा भाग तोच आपल्याला सांगतो. पहिला भाग 'द अ‍ॅम्युलेट ऑफ समरकंद' २००३ साली आला.

एवढं काय आहे त्या जिनच्या बोलण्यात?

पहिलंच पान घ्या. खोली एकदम गारठते, पडद्यांवर बर्फ धरतो, बल्ब मंद होतात, गंधकाचा वास सुटतो, नुसता थाट. आणि हे वर्णन कोण करतंय तर जो हा सगळा थाट करतोय तोच, म्हणजे नाटक करणारा माणूस आपल्याला विंगेतूनच नाटक दाखवतोय. समोर खडूच्या वर्तुळात उभं कोण, तर एक भेदरलेलं पोर. जिन त्याला आणखी घाबरवायला बघतो आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात येत जातं की पोर थरथरतंय खरं पण मंत्र बरोबर म्हणतंय, म्हणजे आता सुटका नाही. वरून दरारा आणि आतून वैताग, हे दोन्ही एकाच परिच्छेदात आपल्याला ऐकू येतं.

तो फुशारकीही भरपूर मारतो. मी उरुकच्या भिंती बांधल्या, कर्नाकच्या बांधल्या, प्रागच्या बांधल्या, राजा सॉलोमनशी बोललोय, वगैरे. मार खाल्ला की तो प्रसंग अशा रीतीने सांगतो की जणू त्यानेच ठरवून माघार घेतली होती. ऐकायला मस्त वाटतंच, पण मला या मालिकेबद्दल जे मनापासून सांगायचंय ते इथेच आहे. हा जिन गुलाम आहे. हुकूम नाही पाळला तर शिक्षा, या जगात फार दिवस राहावं लागलं तर त्याचं सत्त्व झिजत जातं आणि दुखतं, लोखंड आणि चांदी त्याला सोसत नाही. त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं फक्त त्याचं बोलणं आहे, ते कुठल्याही मंत्राने बांधता येत नाही, म्हणून तो इतका बोलतो. हे डोक्यात ठेवून वाचलं की खो खो हसताना मध्येच काहीतरी टोचतं. ते टोचलं की समजायचं आपण पुस्तकात शिरलो.

फूटनोट वाचायच्या की सोडून द्यायच्या? फार आहेत.

वाचायच्या. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांब उत्तर देते.

शाळेच्या पुस्तकात तळटीप म्हणजे अवघड शब्दाचा अर्थ किंवा सनावळी, त्यामुळे डोळ्यांना खालचा बारीक मजकूर टाळायची सवय लागलेली असते. इथे तळटीपा जिनच्या स्वतःच्या आहेत. पहिल्या भागात तो स्वतःच कारण सांगतो, की माझं डोकं एकाच वेळी बऱ्याच पातळ्यांवर चालतं, माणसांना ते जमत नाही, म्हणून जे वरच्या ओळीत बसत नाही ते खाली टाकतो. म्हणजे या तळटीपांतूनच पात्र उभं राहतं. वरच्या ओळीत तो जीव मुठीत धरून पळत असतो आणि खाली निवांतपणे सांगत असतो की अशाच एका भिंतीवरून दोन हजार वर्षांपूर्वी आपण कसे सटकलो होतो.

कसं वाचायचं, तर आकडा आला की लगेच खाली जायचं, वाचायचं, आणि परत वर येऊन ते वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. अर्ध्या वाक्यावरून पुढे चालू केलं तर लय तुटते, पुन्हा सुरुवात केली की तेच वाक्य जास्त मजेदार लागतं कारण आता खालचं आपल्याला माहीत असतं. लढाईच्या प्रसंगात काही मुलं आधी वरचं सलग वाचून काढतात आणि पान उलटायच्या आधी खालचं वाचतात, तेही ठीक, फक्त पान उलटायच्या आधी हं, नाहीतर राहतंच ते.

आणि एक लक्ष ठेवा. जिथे तळटीपा अचानक कमी होतात किंवा एखाद्या माणसाचा विषय निघाला की तो पटकन दुसरीकडे वळतो, तिथे थांबा. सतत बोलणारा गप्प कधी होतो हे बघितलं की त्याचं दुखणं सापडतं. पुढच्या भागांत याला फार महत्त्व येतं.

मध्येच जिन गायब होतो आणि कंटाळवाणी प्रकरणं येतात, असं का?

ती नथॅनियलची प्रकरणं. जिन 'मी' म्हणून सांगतो, नथॅनियलची गोष्ट 'तो' म्हणून बाहेरून सांगितली जाते, आणि तिथे फूटनोट नाहीत, विनोदही कमी. मुद्दाम केलंय ते. त्या घरात हसण्यासारखं फारसं काही नाहीये. या राज्यात जादूगार होणाऱ्या मुलाला पाच-सहा वर्षांचा असतानाच आईबाप सरकारच्या हवाली करतात, मुलाने आपलं जन्माचं नाव विसरायचं, आईवडिलांचा विषय संपला. का, तर जिनला तुमचं खरं नाव कळलं तर त्याची तुमच्यावर पकड बसते. त्या थंड घरात मुलाशी मायेने वागणाऱ्या फक्त दोघी, गुरूची बायको मिसेस अंडरवुड आणि चित्रकला शिकवायला येणाऱ्या मिस लटियन्स. लव्हलेसने सगळ्यांदेखत मुलाला छळलं तेव्हा गुरू गप्प बसतो आणि मिस लटियन्स मध्ये पडतात, तर त्यांचीच नोकरी जाते. हे प्रकरण माझ्याकडे मुलं वाचतात तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही. जिनच्या प्रकरणात दोन मिनिटांपूर्वी हसलेली तीच मुलं.

हे दोन सूर एकमेकांना लागतात. फक्त जिनच असता तर साडेचारशे पानांत त्याच्या बडबडीचा वीट आला असता.

पण नथॅनियल मला अजिबात आवडत नाही. चालेल का?

चालेल की! तो गर्विष्ठ आहे, हावरट आहे, दुसऱ्याच्या जिवाची पर्वा कमी करतो, आणि लेखकाने त्याला गोड करायचा प्रयत्न कुठेही केलेला नाही. आपल्याला सवय अशी की गोष्टीतला अनाथ मुलगा म्हणजे चांगलाच असणार. इथे एक हुशार मुलगा वाईट व्यवस्थेत वाढला की हळूहळू कसा तिच्यासारखा होत जातो हे दिसतं, आणि ते दाखवणारा निवेदक त्याच मुलाचा गुलाम आहे. तो जिन मुलाबद्दल कडवट बोलतो, पण ते कडवट बोलणं तीन भागांत कसकसं बदलत जातं तिकडे कान ठेवा. माझ्या मते पूर्ण मालिकेत लेखकाने केलेलं सगळ्यात बारीक काम ते आहे. त्यामुळे आवडत नसेल तरी सोडू नका, आणि जबरदस्तीने आवडूनही घेऊ नका.

इम्प, फोलियट, जिन, अफ्रीत, मरीद यांत गोंधळ होतोय.

ताकदीप्रमाणे खालून वर हाच क्रम आहे. बार्टिमियस मधला, म्हणून तो खालच्यांना तुच्छ लेखतो आणि वरच्यांपासून चार हात लांब राहतो. एवढं पुरे.

आणि ती सात पातळ्यांची भानगड?

जग सात पातळ्यांवर दिसू शकतं, साध्या माणसाला पहिलीच दिसते, जादूगार डोळ्यांत खास लेन्स घालून तिसरीपर्यंत बघतात, जिनला सातही दिसतात. म्हणजे रस्त्यावरचं मांजर पहिल्या पातळीवर मांजर असेल आणि वरच्या पातळीवर भलतंच काही. वाचताना इतकंच ध्यानात ठेवायचं की निवेदकाला त्याच्या मालकापेक्षा जास्त दिसतंय. मालकाच्या हातात हुकूम, नोकराच्या हातात नजर. पुष्कळ विनोद त्यातूनच येतो.

मुलगा मराठी मीडियमचा आहे, इंग्रजी झेपेल का?

आठवीपासून पुढे झेपतं, जरा नेट लावला तर. अवघड आहे ते शब्दांपेक्षा लांब वाक्यांमुळे, जिन एक वाक्य सुरू करतो आणि मध्ये तीन गोष्टी सांगून मग संपवतो. यावर माझा उपाय एकच, मोठ्याने वाचायचं. बोलल्यासारखं वाचलं की वाक्य कुठे वळतं ते आवाजाला आपोआप कळतं, अर्थ मागून येतो. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडली तर गोष्ट मरते. एका पानात तीन-चार शब्द अडले तरी पुढे जायचं, जो शब्द पुन्हा पुन्हा भेटतो तो बघायचा.

नथॅनियलची प्रकरणं भाषेला सोपी आहेत. घाबरलेल्या मुलांना मी सांगते की त्यातलं एखादं आधी वाचून हात बसवा आणि मग जिनकडे जा.

ज्यांना पुस्तकाच्या जाडीचीच भीती वाटते त्यांच्यासाठी पहिल्या भागाचं ग्राफिक नॉव्हेलही निघालंय, २०१० साली. चित्रं चांगली आहेत पण तळटीपांची खरी मजा पुस्तकातच, त्यामुळे ती पायरी म्हणून वापरा आणि नंतर पुस्तकावर या. इंग्रजी ऑडिओबुक सायमन जोन्स यांनी वाचलंय, त्यांचा सूर अफाट आहे, आमच्यातली एक मुलगी नाशिकरोडहून सीबीएसला सिटीलिंकच्या बसमधून क्लासला येताना तेच ऐकते आणि मग तेच प्रकरण पुस्तकात वाचते. उच्चारांची भीती अशाने जाते.

भुतंखेतं, मंत्र, वर्तुळं, हे असलं मुलांनी वाचावं का? आमच्या घरी अंनिसचं वातावरण आहे.

हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. पण मालिका वाचून बघा, माझ्या मते चिकित्सक घरातल्या मुलांनी तर ती वाचावीच. यातले जादूगार लोकांना काय भासवतात, की आमच्याकडे दैवी ताकद आहे म्हणून आम्ही राज्य करतो. आणि निवेदक पहिल्या पानापासून सांगत असतो की यांच्याकडे स्वतःचं काहीही नाही, सगळं आमच्याकडून उकळलेलं आहे. झगे, विधी, गुप्त नावं हा सगळा सामान्य माणसाला वचक बसवायचा खटाटोप. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ साली, त्यामागे बाबाबुवांचा बुरखा फाडण्याचं किती वर्षांचं काम होतं हे तुमच्या घरात मुलांना माहीत असेलच, तर त्या मुलांना इथली लबाडी झटकन ओळखू येते.

आज्यांचा प्रश्न वेगळा असतो, त्यांना वाटतं मुलं रात्री घाबरतील. मारामारी आहे, माणसं मरतात, काही प्रसंग अंगावर येतात. बारा वर्षांच्या खाली मी स्वतःहून देत नाही, वाचायचंच असेल तर घरातल्या मोठ्या माणसाबरोबर वाचावं. शृंगारिक काही नाही.

हॅरी पॉटरसारखंच आहे ना?

लंडन आणि जादू सोडली तर फारसं नाही. तिथे जादूची शाळा हवीहवीशी वाटते, इथे जादूगाराच्या घरात कुणालाच राहावंसं वाटणार नाही. दोन्ही वाचा, भांडण नाही.

इतिहास खरा आहे का त्यातला?

गावं खरी, माणसं काही खरी, घडलेलं बरंच काल्पनिक. समरकंद आजच्या उझबेकिस्तानात आहे. उरुक हे आजच्या इराकमधलं प्राचीन शहर, तिथल्या तटबंदीचं श्रेय जुन्या महाकाव्यात गिल्गमेश राजाला दिलेलं आहे, आपला जिन म्हणतो मी बांधली. ग्लॅडस्टन हा एकोणिसाव्या शतकातला खराखुरा ब्रिटिश पंतप्रधान, चार वेळा त्या पदावर आला, पुस्तकात त्याला महाबलाढ्य जादूगार करून त्याने प्राग जिंकल्याचं दाखवलंय. गोलेम, म्हणजे मंत्राने जिवंत केलेला मातीचा पुतळा, ही प्रागच्या ज्यू लोकांमधली जुनी दंतकथा. तिसऱ्या भागातला टॉलेमी म्हणजे पाठ्यपुस्तकातला खगोलशास्त्रज्ञ नव्हे, हा अलेक्झांड्रियाच्या राजघराण्यातला मुलगा आहे, यात बऱ्याच जणांची गल्लत होते. मुलांना मी नकाशा उघडून बसायला सांगते, जिनच्या एकेका फुशारकीवर एकेक शहर शोधायचं, इतिहासाचा अभ्यास असा आपोआप होतो आणि लक्षातही राहतो.

कुठल्या क्रमाने वाचू?

'द अ‍ॅम्युलेट ऑफ समरकंद' २००३, 'द गोलेम्स आय' २००४, 'टॉलेमीज गेट' २००५. याच क्रमाने. 'द रिंग ऑफ सॉलोमन' २०१० साली आलं, त्यातली गोष्ट सॉलोमनच्या काळातल्या जेरुसलेममध्ये घडते, म्हणजे काळाने सगळ्यात आधीची, आणि स्वतंत्रही वाचता येते. तरी मी ते शेवटी द्यावं या मताची आहे. तिसरा भाग संपला की मन जड होतं, त्यानंतर जिनचा जुना उत्साही आवाज पुन्हा ऐकायला मिळणं ही मोठी सोय आहे.

दुसऱ्या भागात किटी नावाची मुलगी येते तिच्याबद्दल सांगाल का? (दुसऱ्या भागाच्या सुरुवातीचा थोडा भाग उघड होतोय, नको असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.)

किटी जोन्स ही सामान्य घरातली मुलगी, आणि मालिकेचा तिसरा आवाज. तिच्या लहानपणीचा एक प्रसंग आहे तो आमच्या सिडकोतल्या पोरांना फार भिडला. किटी आणि तिचा मित्र याकोब क्रिकेट खेळत असतात, बॉल जाऊन एका जादूगाराच्या गाडीची काच फोडतो. आपल्या गल्लीत काय होतं, काका ओरडतात, बॉल जप्त, फार तर काचेचे पैसे. इथे तो जादूगार दोन मुलांवर शक्ती सोडतो आणि याकोबचा चेहरा कायमचा विद्रूप होतो. किटी कोर्टात जाते, खरं तेच सांगते, तिला वाटतं कायदा सगळ्यांना सारखा, आणि न्यायाधीश जादूगाराची बाजू धरून उलट तिलाच दंड करतात. पुढची किटी या कोर्टातून बाहेर पडलेली किटी आहे.

हे प्रकरण झाल्यावर आमच्याकडे चर्चा आपसूक पंचवटीकडे वळली. काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथलाच, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सुरू झालेला, पुढे काही वर्षं चालला, आणि तरी तेव्हा दार उघडलं नाही. एक मुलगी म्हणाली की म्हणजे किटीसारखं आपल्या गावात खरंच झालंय. मी काही जोडून दिलं नव्हतं. चांगल्या गोष्टीत ही ताकद असते, ती लंडनची असली तरी तिचा धागा वाचणाऱ्याच्या गावात येऊन गुंततो.

मराठीत असा तिरकस, हजरजबाबी निवेदक आहे का?

आहे तर! वेताळ. विक्रमाच्या खांद्यावर बसून वाट चालताना गोष्टी सांगतो, शेवटी कोडं घालतो, राजाने उत्तर दिलं की मौन मोडलं म्हणून परत झाडावर. मांडणी बघा, मांत्रिकाला वेताळ हवाय, राजा हुकुमाचा बांधलेला, आणि तिघांत सगळ्यात शहाणा कोण तर ज्याला धरून आणायचंय तोच. अखेरीस मांत्रिकाचा डाव वेताळच राजाला सांगतो. ज्या मुलांनी वेताळ पंचविशी ऐकलीये त्यांना बार्टिमियस परका वाटत नाही, खांद्यावरून बोलणारं भूत त्यांच्या ओळखीचंच असतं.

दुसरा म्हणजे चि. वि. जोशींचा चिमणराव. स्वतःच्या फजित्या स्वतःच सांगतो, गुंड्याभाऊ, काऊ सगळे त्याच्या तोंडून कळतात. दोघांत एक फरक आहे आणि तो मुलांशी बोलण्यासारखा आहे. आपण काय काय उघड करतोय हे चिमणरावाला कळत नाही आणि आपल्याला कळतं, म्हणून हसू येतं. बार्टिमियसला पक्कं माहीत असतं, तो लपवतो, आणि आपण त्याला पकडतो. भोळा निवेदक आणि चलाख निवेदक शेजारी शेजारी ठेवून वाचले की निवेदन कसं चालतं ते दहावीच्या मुलालाही स्पष्ट दिसतं. माझा आग्रह आहे की ही मालिका वाचणाऱ्याने मध्ये एखादी चिमणरावाची गोष्ट वाचावीच.

फँटसी म्हणजे पोरकट, त्यापेक्षा अभ्यासाचं वाचावं, असं बाबा म्हणतात.

बाबांना सांग, २०२१ साली आपल्या नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर होते. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि त्याने विज्ञानकथा लिहिल्या, कल्पनेतलं जग उभं करणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. आणि मग बाबांना पहिलं प्रकरण वाचून दाखव, मोठ्याने, रात्री जेवणं झाल्यावर. वाद घालण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

ग्रुपने वाचायचं असेल तर कसं करता?

आमची पद्धत सांगते, बसवून बसवून आता चांगली जमलीये. प्रत्येक प्रकरणाला दोन वाचक. एक वरचा मजकूर वाचतो, दुसऱ्याकडे फक्त फूटनोट. वरचा वाचक आकड्यापाशी येतो आणि थांबतो, फूटनोटवाला बोलतो, मग वरचा पुढे. फूटनोटवाल्याने आवाज बदलायचा, जरा खालच्या पट्टीत, शेजाऱ्याला सांगितल्यासारखा.

एक मुलगा आहे आमच्यात, नववीतला, वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की अडखळतो म्हणून वाचायलाच नको म्हणायचा. त्याला फूटनोट दिल्या. दोन-तीन ओळींचाच मजकूर, मध्ये विश्रांती, आणि त्याचं वाक्य संपलं की हशा ठरलेला. बोट त्या बारीक अक्षरांवर ठेवून, आकडा यायच्या आधीच ओठ हलवत तयार बसलेला असतो तो. आता बाकीची मुलं फूटनोटसाठी भांडतात आणि तो आपली पाळी सोडत नाही.

द. मा. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे, त्यांच्या रेकॉर्डिंग मुलांना जरूर ऐकवा. हशाच्या आधी किती थांबायचं आणि आपण स्वतः न हसता कसं सांगायचं, हे त्यांच्याइतकं कुणी शिकवणार नाही.

एका बैठकीत दोन प्रकरणं पुरे. आणि पुढचं कुणी घरी वाचून आलं असेल तर त्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम आम्ही कडक ठेवलाय.

नाशिकमध्ये पुस्तक कुठून मिळवायचं?

ऑनलाइन मिळतं, सेट घेतला तर स्वस्त पडतं. चार घरांनी मिळून एक सेट घ्या आणि फिरवा, आम्ही तेच करतो. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व तर घरात एकाचं तरी असावंच, १८४० पासूनची संस्था आहे ती, सावाना म्हटलं की कुणीही रस्ता दाखवेल. इंग्रजी किशोर विभागात चौकशी करा, आणि वेताळ पंचविशी, चि. वि., मिरासदार हे सगळं तिथूनच घरी न्या. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमही बघा, पुस्तकांच्या पेट्या लोकांपर्यंत पोचवतात, सोसायटीत वाचणारी मंडळी असतील तर फार छान सोय आहे.

तिसऱ्या भागाचा शेवट खूप रडवतो म्हणे?

हो. कुणालाही विचारू नका काय होतं. शेवटची पन्नासेक पानं एका बैठकीत वाचा, शाळेच्या आदल्या रात्री नको.

मालिका संपली, आता काय वाचू?

त्याच लेखकाची 'लॉकवुड अँड कंपनी', पाच पुस्तकं, २०१३ ते २०१७. भुतांनी ग्रासलेलं लंडन, भुतं फक्त लहान मुलांना नीट जाणवतात म्हणून मुलंच भूत पकडायचं काम करतात, निवेदक ल्यूसी नावाची मुलगी. तिचा विनोद कोरडा आणि भित्रेपणा लपवणारा, जिनपेक्षा एकदम वेगळा. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर सिरीज आली, एकच सीझन झाला, बघायला हरकत नाही पण पुस्तक आधी.

आणि वाचून झालं की लिहून बघा. आमच्याकडे दिलेलं काम असं आहे: गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती निवेदक. पावसाळ्यात अख्खं नाशिक त्याच्याकडे बघून ठरवतं की पाणी किती चढलं, गुडघ्याला लागलं की कमरेला, आणि तो बिचारा तिथून हलू शकत नाही, दोन्ही तोंडांनी दोन्हीकडचं बघतो. त्याने एका पुराची गोष्ट सांगायची. वरच्या मजकुरात फक्त जे घडतंय ते, खाली फूटनोटमध्ये त्याला जे म्हणायचंय ते, आणि एक गोष्ट अशी हवी की जी तो टाळतोय पण वाचणाऱ्याला कळते. दोन पानं पुरेत, मराठीत किंवा इंग्रजीत, फूटनोट कमीत कमी पाच. लिहून झालं की रविवारी घेऊन या, वरचं तुम्ही वाचायचं आणि फूटनोट वाचायला कोण हवंय ते तुम्हीच निवडायचं.